पीकरक्षणाची बंदूक आणि परवान्याची पायपीट

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वसलेला सालेकसा तालुका हा धानाचा आणि जंगलाचा तालुका आहे. एका अंगाला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. मधून हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्ग दरेकशाचे डोंगर ओलांडून जातो. कचारगडच्या गुंफेमुळे गोंड समाजाला आणि हाजरा धबधब्यामुळे पर्यटकांना या तालुक्याचे नाव ठाऊक आहे. उर्वरित महाराष्ट्राला हे नाव ऐकू आले ते बहुधा नक्षलवादाच्या बातमीत. परंतु येथील शेतकऱ्याला दरवर्षी ज्या शत्रूशी गाठ घालावी लागते तो चार पायांचा आहे. धान निसवले की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात. खाल्लेल्या पिकापेक्षा तुडवलेले आणि उकरलेले पीक अधिक असते. एका रात्रीत वर्षाची कमाई मातीत मिळते.

या शत्रूशी लढण्याचे पिढ्यान् पिढ्यांचे साधन म्हणजे रात्रीची जागल, मचाण, डबे वाजविणे, शेकोटी पेटविणे आणि ज्याच्याकडे असेल त्याची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भरायची ही बंदूक. जंगलपट्ट्यात तिला भरमार म्हणतात. ती स्वयंचलित शस्त्र नव्हे. एक बार उडाल्यावर दुसरा भरेपर्यंत कळप नजरेआड होतो. तिचा खरा उपयोग मारण्यापेक्षा धाकाचा. या साध्या साधनासाठी शेतकऱ्याला किती उंबरठे झिजवावे लागतात, किती दिवसांची मजुरी बुडवावी लागते आणि त्यातून अखेर काय हाती येते, याचा विचार कोणी गांभीर्याने करत नाही.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचा शब्द शेतकऱ्याच्या विरोधात असता तर तक्रार निराळी झाली असती. वस्तुस्थिती तशी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या १३ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यावा. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. पोलिसांचा अहवाल विहित मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय करण्याची मुभा याच कलमाने अधिकाऱ्याला दिली आहे.

१४ वे कलम याहून बोलके आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणासाठी परवाना नाकारता येणार नाही, असे ते सांगते. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि १८ व्या कलमाने त्यावर अपिलाचा मार्ग खुला ठेवला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गरीब शेतकरी होता. शस्त्र ही धनिकाची मिरास होऊ नये, ही काळजी त्यांनी घेतली होती.

त्यामागे इतिहास आहे. १८७८ या एकाच वर्षी व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला आणि भारतीयांना निःशस्त्र करणारा शस्त्र कायदाही आणला. पहिला कायदा रिपनच्या काळात, अवघ्या चार वर्षांत, १८८२ मध्ये रद्द झाला. दुसरा मात्र राज्यकर्ते गेल्यानंतरही पंधरा वर्षे तसाच राहिला. युरोपियनाला परवाना नको आणि या भूमीच्या पुत्राला हवा, ही त्याची मूळची रचना होती. तो अपमान राष्ट्रीय चळवळीला सतत सलत राहिला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क समाविष्ट होता, तो याच कारणाने. १९५९ चा कायदा त्या भूमिकेचे अपत्य आहे. आज प्रश्न आहे तो त्याच्या अंमलबजावणीचा.

खडकी ते सालेकसा

बंदुकीला लागणाऱ्या काडतुसाचाच प्रवास पाहावा. देशात बारा बोअरची काडतुसे बनविणारा जुना व प्रमुख कारखाना महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या खडकीत आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा दारूगोळा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या केंद्र सरकारच्या कंपनीचा भाग झाला. विदर्भात तर अंबाझरी, भंडारा, भद्रावती अशी संरक्षण उत्पादनाची मालिकाच आहे. दारूगोळ्याच्या बाबतीत इतक्या समृद्ध प्रदेशातल्या परवानाधारक शेतकऱ्याला मूठभर काडतुसांसाठी किंवा बंदुकीच्या दारूसाठी शहर गाठावे लागते.

याचे कारण असे की शस्त्र आणि दारूगोळा ही टपालाने किंवा कुरिअरने दाराशी येणारी वस्तू नाही. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते, आणि असा विक्रेता तालुक्याच्या गावी दुकान थाटत नाही. त्याला स्वतःचा परवाना, मजबूत कोठार, नोंदवह्या आणि वेळोवेळी होणारी तपासणी यांचा खर्च असतो. चार-दोन गिऱ्हाइकांवर तो निघत नाही. म्हणून विक्रेते नागपूरसारख्या मोठ्या शहरात एकवटतात. त्यांनी मागविलेला माल एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर नोंद होते, परवाना पाहिला जातो, वाहतुकीची जोखीम मोजली जाते. या साऱ्याचा भार अखेर शेवटच्या गिऱ्हाइकाच्या किमतीत येतो. हा शेवटचा गिऱ्हाईक शहरातला हौशी नेमबाज असेल तर तो सहज पेलतो. दोन-तीन एकर धानाच्या शेतकऱ्याला तो पेलवत नाही.

पुन्हा वाटेचा प्रश्न उरतोच. सालेकशाहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर आणि नागपूर त्याच्याही पुढे सव्वाशे किलोमीटरहून अधिक. सर्वांना सोयीची वाट म्हणजे रेल्वे. परंतु ठासणीच्या बंदुकीची दारू हा स्फोटक पदार्थ. रेल्वे अधिनियम १९८९ मधील धोकादायक वस्तूंविषयीच्या तरतुदी त्याला लागू होतात आणि बेकायदा वाहतुकीला शिक्षा आहे. ती तरतूद योग्यच आहे. भरलेल्या डब्यात दारू घेऊन कोणी बसावे असे कोणीही म्हणणार नाही. पण मग कायद्याने चालणाऱ्या शेतकऱ्याने ती आणायची कशी, याचे उत्तर व्यवस्थेने द्यायला हवे. ते मिळत नाही, आणि गावठी दारू कुटून बंदूक भरण्याचा धोकादायक मार्ग तेवढा खुला राहतो.

हेलपाट्यांचा हिशेब

परवान्याचे सरकारी शुल्क हा खर्चाचा लहान भाग आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. दोन्ही अटींमागचा हेतू चांगला आहे. देशभरच्या परवान्यांची संगणकीय नोंद आणि प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक, हेही सुधारणेचेच पाऊल आहे. पण या सुधारणांचा विचार जिल्ह्याच्या ठिकाणी बसून झाला. जंगलाला लागून असलेल्या खेड्यातून आलेल्या माणसाला सातबारा तलाठ्याकडून, दाखला रुग्णालयातून, प्रमाणपत्र तिसरीकडून, चौकशी पोलीस ठाण्यातून आणि निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयातून, असा फेरा घालावा लागतो. त्यानंतर विक्रेत्याकडून खरेदी, खरेदीनंतर शस्त्राची पडताळणी व परवान्यावर नोंद. प्रत्येक फेरीत प्रवासभाडे जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. रोवणीच्या किंवा कापणीच्या हंगामात बुडालेल्या दिवसाची किंमत केवळ मजुरीत मोजता येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, हा खरा दिलासा. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ असू शकणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. सालेकशाच्या शेतकऱ्याला त्याचे दुःख नाही. त्याच्याकडे असते ती एक, आणि तीही बहुधा आजोबांची.

या आजोबांच्या बंदुकीची कथा वेगळीच. परवानाधारकाचा मृत्यू झाला की ती बंदूक घरात ठेवणे बेकायदा ठरते. २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने मुदतीत परवाना घेतला नाही किंवा विल्हेवाट लावली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. विकायची म्हटली तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. वास्तविक २०१६ च्या नियमांनी एक चांगली सोय केली आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना करता येतो. ही सोय किती गावांना ठाऊक आहे? दसऱ्याला घरोघरी शस्त्राची पूजा होते. त्या दिवशी ज्या घरात आजोबांची बंदूक पाटावर मांडली जाते, त्या घराला ही तरतूद कोणी समजावून सांगितलेली नसते. तसेच, परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो, ही तिसऱ्या कलमातील सवलतही कागदावरच राहते. थकलेल्या म्हाताऱ्याने स्वतःच बंदूक खांद्यावर टाकून शहर गाठायचे, असाच समज सर्वत्र आहे.

निवडणूक आणि धानाचा हंगाम

याखेरीज एक अडचण अशी आहे की जिच्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले ते २००४ व २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. हे दिवस नेमके धान पिकण्याचे आणि कापणीचे. लोकसभेसाठी या भागात २०१९ मध्ये ११ एप्रिलला व २०२४ मध्ये १९ एप्रिलला मतदान झाले. तेव्हा उन्हाळी धान शेतात उभे असते. म्हणजे ज्या कामासाठी सरकारने परवाना दिला, ते काम उभे राहते तेव्हाच बंदूक ठाण्याच्या कोठडीत असते. ठाण्यात जागा नसेल तर ती विक्रेत्याकडे ठेवायची. तेथे ठेवणावळ आली आणि जाण्यायेण्याचा खर्चही आला. दमट कोठडीत महिना-दीड महिना पडलेली बंदूक गंजून परत येते, तो खर्च निराळा.

निवडणूक निर्भय वातावरणात व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु सर्वांची शस्त्रे सरसकट जमा करणे हा त्याचा उपाय नाही, हे न्यायालयानेच सांगितले आहे. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशा सरसकट आदेशांवर बोट ठेवले आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले, अशांच्या प्रकरणांचा एकेक करून विचार करावा, हा त्यामागचा आशय. ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही आणि ज्याचा परवाना केवळ पीकरक्षणाचा आहे, त्याला या छाननीतून वगळणे समितीच्या अधिकारात आहे. त्यासाठी नवा कायदा नको, यादी नीट वाचण्याची तसदी हवी.

गुंतागुंतीची दुसरी बाजू

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हा नक्षलग्रस्त टापू आहे. गावकऱ्यांच्या भरमार बंदुका माओवाद्यांच्या हाती पडण्याचे प्रकार दंडकारण्यात घडले आहेत. गडचिरोलीत गावकऱ्यांनी आपणहून भरमार बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या घटनाही अलीकडे घडल्या. अशा ठिकाणी पोलिसांनी हात आखडता घेतला तर त्यांना दोष देता येत नाही. शिकारीचा धोकाही खरा आहे. म्हणूनच वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक केली आहे. नागझिरा-नवेगाव परिसरातील गावांना हे बंधन लागू आहे आणि ते असलेच पाहिजे.

पण परिस्थिती बदलते आहे, हेही मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाच्या प्रवक्त्यासह माओवाद्यांच्या एका गटाने गोंदियातच शरणागती पत्करली. त्याआधीच्या महिन्यात भूपतीसारखा ज्येष्ठ म्होरक्या आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून मुख्य प्रवाहात आला. ज्या भीतीपोटी दशकानुदशके परवान्यांवर बंधने आली, ती ओसरत असेल तर सामान्य शेतकऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवयही ओसरली पाहिजे. गुन्हेगाराच्या कट्ट्याला ना परवाना लागतो, ना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. तो निवडणुकीपूर्वी ठाण्यात जमा होत नाही. नियमांचा सारा भार सोसतो तो नियम पाळणारा.

तारेचा सापळा

या साऱ्याचा परिणाम काय होतो? कायदेशीर वाट महाग आणि लांब झाली की माणूस स्वस्त आणि जवळची वाट धरतो. विदर्भात ती वाट म्हणजे शेताभोवती सोडलेली जिवंत वीजवाहिनीची तार. तारेला परवाना लागत नाही, विक्रेता लागत नाही, ती निवडणुकीत जमा होत नाही. आणि ती डुक्कर, वाघ, बैल, माणूस असा भेद करत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड भागात 'श्रीनिवास' हा वाघ शेताच्या अशाच वीजप्रवाहाने मेला. नागझिऱ्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा तो बछडा मानला जात असे. पहाटे शेतावर गेलेला शेजारी, बांधावरून जाणारा गुराखी, कधी तार लावणारा स्वतः, यांचेही बळी विदर्भात पडले आहेत. बंदुकीच्या घोड्यावर निदान माणसाचे बोट आणि डोळा असतो. तारेवर कोणाचाच डोळा नसतो. ज्यांना वन्यजीवांची चिंता आहे, त्यांनी पीकरक्षणाच्या परवान्याकडे शत्रुत्वाने न पाहता या तुलनेने पाहावे.

गंमत अशी की रानडुकराचा बंदोबस्त करण्याची परवानगी मिळण्याची वाट सरकारने सोपी केलेली आहे. वन्यजीव अधिनियमाच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या प्राण्यांविषयी तरतूद आहे, आणि जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने राज्यात रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीचे अधिकार वनक्षेत्रपालाच्या पातळीपर्यंत आणले. म्हणजे वन खाते डुक्कर मारण्याची परवानगी देते आणि महसूल व गृह खात्याच्या फेऱ्यात बंदूक अडकते. परवानगीचा कागद डुकराला दाखवून ते पळत नाही!

वाट कशी निघेल?

अन्यत्र वाट निघाली आहे. केरळने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन परवानाधारक बंदूकधाऱ्यांकरवी उपद्रवी रानडुकरांचा बंदोबस्त करण्याची पद्धत सुरू केली. तेथे प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक लागत नाही. पंचक्रोशीत चार विश्वासू, प्रशिक्षित परवानाधारक असले तरी भागते. कर्नाटकातील कोडगूत कोडव समाजाला परंपरेचा मान राखून परवान्यातून सूट आहे आणि २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढविली. सालेकशाला अशी सूट मागण्याचे कारण नाही. पण विश्वास टाकला तर समाज तो निभावतो, एवढे त्या उदाहरणावरून नक्की दिसते.

येथे करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. वर्षातून दोनदा, रोवणीपूर्वी आणि कापणीपूर्वी, तहसील कार्यालयात एक शिबिर भरवावे. डॉक्टर, पोलीस, महसूल आणि वन खाते एका छताखाली बसावे आणि नूतनीकरण, वारसनोंद, आरोग्य दाखला, प्रशिक्षण हे एका दिवसात उरकावे. त्याच दिवशी शहरातील परवानाधारक विक्रेत्याला पोलीस बंदोबस्तात आणून दारूगोळा ठाण्याच्या आवारातच नोंदीसह द्यावा. म्हणजे वीस शेतकऱ्यांच्या वीस फेऱ्यांऐवजी एका वाहनाची एक फेरी पुरेल, आणि जोखीमही तितकीच घटेल. ठाण्यात जमा बंदुकीची पावती देताना तिची स्थिती नोंदवावी. केरळच्या धर्तीवर ग्रामपंचायतनिहाय प्रशिक्षित परवानाधारकांची यादी वनक्षेत्रपालाकडे असावी. यातील एकाही गोष्टीसाठी संसदेत जावे लागत नाही. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि उपवनसंरक्षक या तिघांची एक बैठक पुरे.

अपुऱ्या मालमत्तेच्या कारणावरून परवाना नाकारू नये, असे कायदा बजावतो. कोणताही अधिकारी तसे लिहून नकार देत नाही, हे खरे. पण अंतर, हेलपाटे आणि बुडालेली मजुरी यांनी मिळून तोच नकार रोज दिला जातो आणि त्यावर अपीलही करता येत नाही. कारण तो कोणाच्या सहीने दिलेला नसतो. जंगलाच्या काठावर राहून देशाला धान पुरविणाऱ्या माणसाने कायदा पाळावा अशी अपेक्षा असेल, तर कायदा पाळणे त्याच्या ऐपतीत आणून ठेवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. पुढचा हंगाम येण्यापूर्वी गोंदिया जिल्ह्याने याची सुरुवात सालेकशापासून करावी.